चार नंबरवरचा हात

अंबादासअण्णांचा उजवा तळहात मी पहिल्यांदा नीट पाहिला तो भाजल्यावर. त्याआधी कितीतरी वर्षं तो माझ्या डोळ्यांसमोर होता. पण परक्या माणसाच्या हाताकडे कोण टक लावून बघतं? अण्णांना जाऊन आता चार महिने झाले. अजूनही तव्यावरची भाकरी उलटताना माझी बोटं मध्येच थांबतात. मनातलं कुणाजवळ बोलायची मला सवय नाही. म्हणून हे लिहून काढते आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचा कारखाना आहे. अजून आम्ही त्याला कारखानाच म्हणतो. आधी तिथं टॉवेलचे माग होते. मी झाडलोट करायची, चहा करायची, आणि अण्णा होते जॉबर. माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस म्हणजे जॉबर. अण्णा चालत्या मागाच्या मोटारीवर तळहात टेकवायचे, थोडा वेळ थांबायचे आणि सांगायचे, "दुपारपर्यंत चालंल. मग बंद पडंल." दुपारी ती बंद पडायची. म्हाताऱ्या मालकांचा डॉक्टरांवर नव्हता तेवढा अण्णांच्या हातावर विश्वास होता.

पुढं धंदा बसला. माग भंगारात गेले. शेवटचा माग ट्रकवर चढवला तेव्हा अण्णा दारात उभे होते. रडले वगैरे काही नाहीत. ट्रकवाल्याला म्हणाले, "दोर ढिला हाय. वळणावर सरकंल." त्यानं ऐकलं नाही. पहिल्याच वळणावर माग सरकला आणि ट्रक थांबवून पुन्हा बांधावा लागला. अण्णांनी लांबून बघितलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि घरी गेले.

बरोबरीचे जॉबर कुठं कुठं पांगले. कुणी अपार्टमेंटच्या दारावर वॉचमन झालं, कुणी भाजीची गाडी लावली. अण्णा सहा महिने घरी बसून होते. त्यांची बायको सत्यम्मा विड्या वळते. ती मला म्हणायची, "मंगल, घरातला पंखा सतरा वेळा खोलून झाला. आता माझी शिलाई मशीन खोलायलेत. यांना कुठं तरी काम बघ गं, नाहीतर मलाच खोलून बघतील."

मालकांच्या सुनेनं, स्नेहलवहिनींनी, त्याच कारखान्यात काँप्युटर आणले. पुण्याच्या बिल्डरांच्या इमारती बांधून व्हायच्या आधी त्या चित्रात बांधून दाखवतात. झाडं, गाड्या, गॅलरीत कॉफी पिणारी बाई, सगळं हुबेहूब. एक एक चित्र तयार करायला मशीनला दहा दहा मिनिटं लागतात आणि अशी हजारो चित्रं जोडून फिल्म होते. म्हणून आठ काँप्युटर पाच-सहा दिवस सलग, न थांबता, पूर्ण ताकदीनं चालतात. वहिनी त्याला फुल लोड म्हणतात. मागाच्या जागी आता ओळीनं आठ काळी खोकी होती. पडदे त्यांना नव्हते. वहिनींच्या काचेच्या केबिनमध्ये एकच मोठा पडदा, त्यावर आठ आकडे. कुठलं मशीन किती तापलंय ते त्यात दिसायचं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण आकडे मला येतात. काच पुसताना मी ते वाचायची. एकदा एका खोक्याचा आकडा ब्याण्णव होता. मी भीत भीत विचारलं, "वहिनी, हा ताप आहे का?" त्या म्हणाल्या, "तापच समज. पण आपल्या तापाच्या मापानं नाही गं. पाणी उकळतं ते शंभर, त्या मापानं ब्याण्णव." एवढंसं खोकं जवळजवळ उकळतंय, आणि त्यातून आवाज काय, तर नुसता पंख्याचा. मी त्या दिवसापासून झाडूसुद्धा लांबून मारायला लागले.

पहिल्याच एप्रिलमध्ये मशीन आपोआप बंद पडायला लागली. बाहेर त्रेचाळीस अंश होतं. पुण्याचं काम अडलं. पुण्याहूनच एक दुरुस्ती करणारा येणार होता, तो चार दिवस येतो येतो म्हणत राहिला. शेवटी मालकांनी खाटेवरूनच निरोप पाठवला, "अंबादासला बोलवा."

"मामंजी, त्यांना काँप्युटरमधलं काय कळणार?" वहिनी म्हणाल्या.

"त्याला तापलेलं कळतं," मालक म्हणाले.

अण्णा आले. खोक्याचा एका बाजूचा पत्रा काढायला लावला. आत पातळ पातळ पत्र्यांचा एक ठोकळा होता, पुस्तकाची पानं उभी धरावीत तसा. त्याच्या खाली प्रोसेसर असतो आणि शेजारून पंखा वारा घालतो. अण्णांनी त्या ठोकळ्यावर तळहात टेकवला, झटकन उचलला.

"सूनबाई, ह्याचा श्वास कोंडलाय की."

त्यांनी रंगाचा जुना ब्रश मागवला आणि त्या पानांमधून कापसाची धूळ काढली. शेजारच्या कारखान्यात अजून माग चालतात, त्यांची धूळ हवेत असतेच. ती आत जाऊन दाबलेल्या लोकरीसारखी घट्ट बसली होती. मशीन पुन्हा चालू केलं. अठ्ठ्याण्णववर जाणारा आकडा ब्याऐंशीवर थांबला. वहिनी पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्या केबिनमधून बाहेर आल्या आणि अण्णांच्या पाया पडल्या. अण्णा मागं सरकले. "अवो, ब्रशनं केलं, मी न्हाय केलं," म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते इस्त्रीचा सदरा घालून हजर होते.

सुरुवातीला त्यांनी घोटाळाही केला. माग चालवताना हवा कोरडी पडली की सूत तुटतं, म्हणून जमिनीवर पाणी मारायचं, दारांना ओली पोती लावायची, ही त्यांची तीस वर्षांची सवय. दुसऱ्याच आठवड्यात मी आले तर सगळी फरशी चिंब, आठही खोक्यांमागं ओली पोती लटकलेली आणि अण्णा बादली घेऊन जुन्या नऊ नंबर मागाच्या जागेपर्यंत पोचलेले.

वहिनी दारातच किंचाळल्या. "अण्णा! करंट लागेल!"

"गारवा धरायला नको व्हय? हवा बघा की, सूत एक घटका टिकणार न्हाय."

"अहो, इथं सूत कुठंय?"

अण्णांनी इकडंतिकडं बघितलं. बादली खाली ठेवली. "व्हय की," म्हणाले. मग स्वतःच एवढे हसले की खोकला लागला. मी पदर तोंडाशी धरून फरशी पुसत होते.

त्यांचं काम असं ठरलं की दर तासाला आठ खोक्यांवरून हात फिरवायचा आणि आकडा ओरडून सांगायचा. सुरुवातीला ते "लई", "मध्यम", "बरा" एवढंच म्हणायचे. वहिनी केबिनमधून खरा आकडा सांगायच्या. असं ऐकत ऐकत त्यांना आकडे बसले. वर्षभरात ते "तीन नंबर, एकोणऐंशी" म्हणायचे आणि पडद्यावर ऐंशी नाहीतर अठ्ठ्याहत्तर असायचं. एकदा पुण्याचे बिल्डर आले होते. त्यांना ते खरं वाटेना. म्हणाले, "आजोबा, सहा नंबर?" अण्णांनी हात ठेवला, मान खाली घातली, कान जवळ नेला. "त्र्याऐंशी." पडद्यावर त्र्याऐंशी. बिल्डरनं मोबाईलवर त्यांचं चित्रण केलं. अण्णा महिनाभर खांदे वर करून चालत होते.

ते मान खाली घालून कान जवळ न्यायचे, ते मला तेव्हा नमस्कार केल्यासारखं वाटायचं.

मशीन तापलं म्हणून कुणी घाबरलं की ते म्हणायचे, "तापणं म्हंजे आजार न्हाय. तापणं म्हंजे काम." आणि रिकाम्या बसलेल्या माणसाकडं बोट दाखवून, "हा बघा, गार हाय. काय उपयोग?" मलाही हसायचे. "मंगल, तू बोलतच न्हाईस, तुझा पंखा फिरतोय का न्हाय ते तरी कसं कळावं?"

चहा मात्र ते कढतच प्यायचे. स्टीलचा ग्लास मी फडक्यात धरून आणायची, ते तसाच उघड्या हातात घ्यायचे आणि धरून बोलत बसायचे. मला वाटायचं, जॉबरचा हात, राठ झालेला.

गेल्या मे महिन्यात ते झालं. सकाळी अकराचा सुमार. पुण्याचं मोठं काम पाच दिवस चालू होतं. चार नंबरच्या वाट्याचं काम त्या सकाळी संपणार आहे, असं वहिनींनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. काम संपलं की मशीन गार होतं, पंखा जवळजवळ थांबतो. अण्णा एक, दोन, तीन करत चारपाशी आले. तिथं आवाज नव्हता. त्यांनी कान जवळ नेला, पत्रा बाजूला करून हात ठोकळ्यावर टेकवला आणि ओरडले, "चार नंबर, पंचेचाळीस. काम संपलं ह्याचं."

वहिनी फोनवर बोलत होत्या. फोन कानाला तसाच ठेवून त्या केबिनच्या दारात आल्या आणि भिंतीवरच्या मोठ्या पंख्याचं विचारायला लागल्या, तो खडखडतोय, आजच बघता का. अण्णा उभ्या उभ्या सांगू लागले. हात तसाच खाली. बैलाच्या पाठीवर हात ठेवून गडी बोलत उभा राहतो तसे ते उभे होते. बोल्ट, वॉशर, शिडी असं काहीबाही चाललं होतं. वहिनी आत वळल्या.

मी केबिनच्या काचेशी फडकं घेऊन उभी होते. पडद्यावर चौथा आकडा लाल होता. शंभर.

मी पुन्हा वाचला. मग मागं वळून अण्णांच्या हाताकडं बघितलं. मग पुन्हा पडद्याकडं. काम संपलं नव्हतं, लांबलं होतं. पंखा कापसात अडकून थांबला होता आणि त्या ठोकळ्याला वाराच नव्हता. पाणी उकळतं ते शंभर, असं वहिनी म्हणाल्या होत्या. आणि अण्णांचा तळहात त्यावर होता, आणि अण्णा गुणगुणत होते.

मला ओरडायला आलं नाही. माझा आवाज वेळेला येतच नाही. फडकं टाकून मी पळाले आणि त्यांचं मनगट धरून ओढलं. आयुष्यात मी कधी परक्या पुरुषाला हात लावला नव्हता.

"काय गं!" ते दचकले.

हात सुटला, पण कातडी सुटली नाही. ती त्या पत्र्याच्या पानांना चिकटून राहिली. तळहातावर पांढऱ्या रेघा उठल्या होत्या, एकाशेजारी एक, आणि त्यांच्यामधून पाणी यायला लागलं. अण्णांनी हात उलटा करून बघितला. दुसऱ्याच कुणाचा हात बघावा तसा बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर दुखल्याची एक रेघ नव्हती. भाजलेल्या हातापेक्षा मला त्याचीच भीती वाटली.

आतून वहिनींचा आवाज आला, "अण्णा, चार नंबर शंभर दाखवतोय!"

अण्णांनी डाव्या हातानं बटण बंद केलं. उजवा टॉवेलात गुंडाळला. "बघितला सूनबाई. पंखा अडकलाय. बंद केला." आवाज रोजच्यासारखाच.

"बरं झालं बाई तुम्ही होतात," वहिनी म्हणाल्या.

मागच्या अंगणात मी त्यांच्या हातावर पाणी ओतलं. तेव्हा तो तळहात नीट दिसला. नव्या भाजण्याखाली जुने डाग होते, एकावर एक. काही काळे पडलेले, काही गुळगुळीत झालेले. मी तांब्या खाली ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दीड वरीस झालं. साखर हाय मला. बोटांपासनं बधिर होत आला. पायाचं बी तसंच. परवा चप्पल कुटं पडली कळलंच न्हाय, अनवाणी घरी गेलो. सत्यम्मा म्हणली, दान केली का काय."

"मग आकडे? आकडे तर बरोबर यायचे."

"कानानं." ते हसले. "मशीन तापलं की पंखा जोरात पळतो. पंख्याच्या आवाजावरनं सांगायचो. हात नुसता दाखवायला."

आठ पंखे एकदम घोंघावत असताना त्यातल्या एकाचा आवाज वेगळा काढून हा माणूस दीड वर्ष अचूक आकडे सांगत होता, आणि तेच लपवून ठेवत होता.

"तसंच सांगा की वहिनींना, कानानं कळतं म्हणून."

"आन् आज कानानं काय सांगितलं? पंचेचाळीस!" मग हळू म्हणाले, "पोरी, मालकांनी मला बोलावलं ते हातासाठी. हात गेला म्हणल्यावर मी वॉचमन. माझी शप्पथ हाय तुला, बोलायचं न्हाय."

न बोलणं मला जमतं. चार दिवस मी बोलले नाही. दारात बोट सापडलं असं अण्णांनी सगळ्यांना सांगितलं, हात फडक्यात बांधून डाव्या हातानं फेऱ्या मारल्या आणि आकडे बरोबर सांगितले. मी रोज फडकं बदलायची. पाचव्या दिवशी फडकं सोडलं तर हात मनगटापर्यंत सुजला होता, काळानिळा झाला होता, वास येत होता.

"अण्णा, दवाखाना."

"दुखत न्हाय की गं," ते म्हणाले. अगदी समजूत घातल्यासारखं. "दुखत न्हाय तर कशाला?"

मी शप्पथ मोडली. केबिनचं दार ढकलून आत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बधिर हात, कान, चार नंबर, सगळं. एका दमात एवढं मी कधीच कुणाशी बोलले नव्हते. वहिनी खुर्चीतून उठल्या आणि पुन्हा बसल्या.

"ते हात टेकवून ठेवायचे? मला वाटायचं, जाता जाता लावतात."

"आकडा हातानंच कळतो असं दाखवायला टेकवावा लागायचा ना," मी म्हणाले.

"मंगल, हात लावायची गरजच नव्हती गं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "शंभरला पोचलं की मशीन आपणहून सावकाश चालतं. तरी तापत राहिलं तर आपलं आपण बंद पडतं. जळत नाही. आकडे मला घरी मोबाईलवर दिसतात. धूळ काढायचं त्यांचं काम खरं होतं, पण ते दोन महिन्यांतून एकदा. मामंजी म्हणाले होते, त्याला रिकामा बसवू नकोस. म्हणून मी आकडे ओरडायला लावले. त्यांना बरं वाटायचं. मलाही गंमत वाटायची."

पडद्यावर आठ आकडे शांतपणे बदलत होते. मी त्यांच्याकडं बघत राहिले. तीन वर्षं मी समजत होते की हा माणूस हात ठेवतो म्हणून ही मशीन जिवंत आहेत. त्यालाही तसंच वाटत होतं.

त्याच तासाला वहिनींनी त्यांना स्वतःच्या गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं. विष वर चढलं होतं. दुसऱ्या दिवशी हात मनगटापासून काढला.

बारा दिवसांनी मी भेटायला गेले. त्याआधी जायचं धाडस झालं नाही. सत्यम्मा दारातच भेटली. "तुझ्यावर रागावलेत," म्हणाली. "माझ्याशीबी बोलत न्हाईत. डॉक्टर म्हणतेत, ताप उतरत न्हाय आन् हे अन्नाला शिवत न्हाईत." अण्णा भिंतीकडं तोंड करून निजले होते. मी स्टुलावर बसले. पंधरवड्यात माणूस निम्मा झाला होता.

मग भिंतीकडूनच आवाज आला. "चार नंबर कसा हाय?"

चार नंबर छान होता. वहिनींनी नवा पंखा बसवून घेतला होता, अर्ध्या तासाचं काम. तो पूर्ण ताकदीनं चालत होता आणि त्या सकाळी काच पुसताना मी स्वतः आकडा वाचला होता, शहात्तर. बारा दिवसांत आकडा बघायला कुणी कुठल्याच खोक्याला हात लावला नव्हता. पुण्याचं काम वेळेत गेलं होतं.

सत्यम्मा माझ्याकडं बघत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती नुसती बघत होती, नवरा बोलला म्हणून.

"बंद पडला, अण्णा," मी म्हणाले. "सहा नंबरपण बंद आहे. वहिनी रडकुंडीला आल्यात."

ते वळले. डोळे खोल गेले होते, पण त्यांत एकदम जाग आली. "कितीवर गेला होता?"

"कळलंच नाही. सांगायला कुणी नव्हतं."

"तरी!" ते म्हणाले. "तरी मी म्हणतो! अगं, नुसतं बटण दाबून बसलं तर व्हईल व्हय? पहिलं पत्रा काढायचा. ब्रश वरनं खाली मारायचा, आडवा न्हाय. कोण हाय तितं आत्ता?"

"कुणी नाही."

"कुणी न्हाय!" त्यांनी डाव्या हातानं पांघरूण ढकललं आणि पाय खाली सोडले. सत्यम्मा "अय्यो, अय्यो" करत धावली. मी उठून उभी राहिले. एक खोटं बोलले आणि बारा दिवस अंथरुणाला खिळलेला माणूस उठून बसला होता. आता खरं सांगायचं म्हटलं तरी माझ्याकडं आवाज नव्हता.

नर्सबाई धावत आल्या. मी दाराकडं सरकले. तिथून अण्णा मला शेवटचे दिसले ते असे. सलाईनची नळी ताणलेली, दोघीजणी त्यांचे खांदे धरून त्यांना खाली दाबतायत, आणि अण्णा त्यांची अगदी मऊ आवाजात समजूत घालतायत, "बाई, सोडा की वो. दोनच घटका जाऊन येतो. तितं माझ्यावाचून अडलंय."